मेजर परत फिरत नसतो

लष्करातून निवृत्त झालेला माणूस ओळखायला फारशी अक्कल लागत नाही. तो भाजीच्या गाडीसमोरही पोट आत घेऊन उभा असतो आणि कोथिंबिरीची जुडी रायफल तपासावी तशी उलटसुलट करून बघतो. क्रिकेटमधून निवृत्त झालेला तर त्याहून लवकर कळतो. लिफ्टची वाट बघताना त्याचा डावा पाय आपोआप पुढे पडतो, कोपर वर जातं आणि नसलेला चेंडू तो मान खाली घालून अडवतो. हे दोन्ही निवृत्त एकाच अंगात नांदत असले, तर मात्र आपण नेमकं कोणाशी बोलतोय याचा पत्ता समोरच्याला लवकर लागत नाही.

आमच्या सोसायटीतले कर्नलसाहेब या दुर्मीळ जातीचे. आर्मी सर्व्हिस कोअरमध्ये उभी नोकरी, आणि त्यातले काही हिवाळे सर्व्हिसेसच्या संघाकडून रणजी. किती हिवाळे हे विचारू नये. विचारलं तर ते सांगतात, आणि ते सांगणं दुपारच्या चहापासून सुरू होऊन ज्याच्या त्याच्या घरी कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत चालतं.

या जातीची मूळ गोची अशी की, छावणीत ते क्रिकेटर असतात आणि क्रिकेटरांत कर्नल. ऑफिसर्स मेसमध्ये आजूबाजूला छातीवर पदकं मिरवणारी माणसं. कोणी छांबचा, कोणी हाजीपीरचा. तिथे दाणापाणी पोचवणाऱ्या कोअरच्या माणसाने काय सांगावं? (खरं तर दाणापाणी पोचलं नाही तर पदकवाले दुसऱ्या दिवशी कुठे असते, हा प्रश्न आहे; पण मेसमध्ये तो कोणी विचारत नाही.) म्हणून तिथे साहेब पालमच्या मैदानाबद्दल बोलत. दिल्लीतलं धुकं, अकरा वाजेपर्यंत न दिसणारी साइटस्क्रीन, हिरव्या खेळपट्टीवर पहिला तास. पदकवाले गप्प होत, कारण रणजी त्यांच्यातला कोणीच खेळलेला नसे. उलट डेक्कन जिमखान्यावर किंवा पीवायसीला गेलं की शेजारच्या खुर्चीत कोणीतरी महाराष्ट्राकडून शतकं ठोकलेला बसलेला. तिथे साहेब लेहच्या थंडीवर येत. उणे वीसमध्ये ट्रकचं इंजिन रात्रभर चालू कसं ठेवायचं यावर शतकवाल्याला काही बोलता येत नाही. आमच्या सोसायटीत मात्र सगळे बँक, विमा आणि वीज मंडळ. ना पालम, ना लेह. त्यामुळे आम्हांला दोन्ही ऐकावं लागतं.

सर्व्हिसेस हा संघ रणजीतला एक मजेदार प्राणी आहे. मुंबईला मुंबईचा माणूस, बडोद्याला बडोद्याचा. सर्व्हिसेसला गाव नाही. भूदल, नौदल, हवाईदल, तिघांची मिळून एक टीम. बंगळुरूचा ऑफस्पिनर, जालंधरचा फास्ट बोलर आणि पुण्याचा यष्टिरक्षक एका तंबूत राहणार, हिंदीत भांडणार आणि हंगाम संपला की आपापल्या युनिटला परत. ज्याचा इनस्विंग नुकता बसायला लागलाय त्याची बदली नागालँडला. आज हा संघ म्हणजे मोठ्या संघांना गुण मिळवून देणारा शेजारी अशी लोकांची समजूत आहे, पण १९५६-५७ आणि १९५७-५८ असं लागोपाठ दोनदा सर्व्हिसेस रणजीच्या अंतिम फेरीत पोचलं होतं. एकदा मुंबईने हरवलं, एकदा बडोद्याने. हे साहेब आम्हांला सांगतात तेव्हा ‘हरवलं’ हा शब्द येत नाही. ‘अंतिम फेरीत होतो’ एवढंच येतं. त्या वेळी साहेब शाळेत होते, पण ‘होतो’ हे त्यांचं क्रियापद अख्ख्या सैन्याला लागू असतं.

या संघाची खरी गंमत धावा पळण्यात आहे. एका टोकाला मेजर, दुसऱ्या टोकाला हवालदार. परेड मैदानावर कोणी कोणाला काय सांगायचं ते शंभर वर्षांपूर्वी ठरलेलं आहे, बावीस यार्डांत मात्र चेंडू ज्याला दिसतो त्याने ओरडायचं. हवालदाराने मेजरला ‘नो!’ म्हणायचं म्हणजे घशाला केवढी कोरड पडत असेल! त्यामुळे तो ‘नो’ आधी अडखळतो, मग ‘साब’ जोडतो, आणि ‘नो साब’ पूर्ण होईपर्यंत साहेब निम्म्या वाटेवर पोचलेले असतात. नेमकं तेच आमच्या कर्नलसाहेबांच्या सर्वोच्च डावात झालं. पालमला, थंडीत, साहेब रंगात आलेले. चेंडू कव्हरकडे ढकलला आणि निघाले. पलीकडून ‘नो साब’. साहेबांनी ऐकलं. थांबले नाहीत.

“परत का नाही फिरलात?” असं आमच्या खजिनदारांनी एकदा भाबडेपणाने विचारलं.

“मी तेव्हा मेजर होतो,” साहेब म्हणाले. “मेजर परत फिरत नसतो.”

“मग?”

“मग काय, धावचीत. चाळीस.”

“सदतीस,” आतून काकूंचा आवाज आला.

काकू या चरित्रातल्या स्कोअरर. कर्नलसाहेब बैठकीच्या खोलीत खेळतात, त्या स्वयंपाकघरात धावा मोजतात. ओट्यावरून त्यांना काही दिसत नाही, पण चुकीचा आकडा भिंतीतून ऐकू येतो. त्या काळी सामना संपला की साहेब घरी पत्र टाकत, आणि ती पत्रं अजून गोदरेजच्या कपाटात आहेत. म्हणजे पुरावा शत्रूच्या ताब्यात. साहेब या बाबतीत सावध असतात. धावांचा आकडा तीन-चारांच्या वर फुगू देत नाहीत. फुगवायचं ते दुसरीकडे फुगवतात. त्याच डावात त्यांनी एका बोलरला लागोपाठ दोन चौकार मारले होते, आणि त्या बोलरचं नाव पत्रात नव्हतं. आम्ही सोसायटीत राहायला आलो तेव्हा तो बोलर साधा रणजीचा होता. पुढे तो दुलीप ट्रॉफी खेळला. करोनाच्या सुमारास भारतीय संघाच्या शिबिरात पोचला. आता त्याला कसोटी लागली आहे आणि आणखी दोन-तीन गणेशोत्सवांत तो वेस्ट इंडीजकडून खेळू लागेल असा रंग आहे. लष्करात कोणालाही एवढ्या वेगाने बढती मिळत नाही.

संस्थानी काळात मात्र गंगा उलटी वाहायची. तिथे हुद्द्यामुळे धावा फुगत नसत, धावांमुळे हुद्दे मिळत. इंदूरच्या होळकरांच्या संघाचा जुना धावफलक वाचला तर आपण क्रिकेटचा सामना वाचतोय की सैन्याची हजेरी, असा प्रश्न पडतो. कर्नल सी. के. नायडू, कॅप्टन मुश्ताक अली, मेजर जगदाळे, कॅप्टन भाया. राजेसाहेबांना चांगला फलंदाज दिसला की ते त्याला दरबारी सैन्यात घेत. पगाराची सोय झाली, कवायतीचं पुढचं पुढे. या फौजेने रणजी करंडक चार वेळा जिंकला. एवढ्या मोहिमा फत्ते केलेली आणि एकही गोळी न झाडलेली दुसरी पलटण हिंदुस्थानात झाली नसावी.

पण सी. के. नायडूंच्या कर्नलपणाला कोणी हसत नसे, आणि समोर तर नाहीच नाही. नागपुरात जन्मलेला, पाठीचा कणा बांबूसारखा सरळ असलेला हा माणूस. १९२६ मध्ये मुंबईला बॉम्बे जिमखान्यावर एमसीसीविरुद्ध त्यांनी १५३ धावा केल्या, त्यात ११ षटकार. १९३२ मध्ये लॉर्ड्सवर भारताचे पहिले कसोटी कर्णधार झाले. वयाची पंचावन्नी उलटल्यावर एका रणजी सामन्यात दत्तू फडकरांचा चेंडू तोंडावर बसला, दात पडले, तर हे बाजूला व्हायला तयार नाहीत. पुढचा चेंडू टाका म्हणाले. आमच्या साहेबांना ही गोष्ट सांगितली की ते मान डोलावतात आणि मग हळूच म्हणतात, “पण कमिशन दरबारी होतं.” खरं कमिशन आणि दरबारी कमिशन हा त्यांच्या मते ताक आणि पाण्यातला फरक. नायडू अडुसष्टाव्या वर्षापर्यंत प्रथम श्रेणी सामने खेळले, हे ऐकल्यावर मात्र ते काही बोलत नाहीत. त्यांचं स्वतःचं क्रिकेट गुडघ्याने संपवलं, तेव्हा ते चाळिशीतही नव्हते.

साहेबांचं दैवत वेगळं. कर्नल हेमू अधिकारी. जन्म पुण्याचा, १९१९ चा, त्यामुळे साहेब त्यांना ‘आपले’ म्हणतात. अधिकारींना त्यांनी एका शिबिरात लांबून पाहिलं होतं. लांबून म्हणजे किती, हे अंतर दर वर्षी कमी होत आलंय आणि परवा ते खांद्यावर हात ठेवण्याइतकं झालं.

अधिकारींची हकिकत खरोखरच सांगण्यासारखी आहे, त्यामुळे इथे साहेबांना मीठमसाला टाकावा लागत नाही. तारुण्याची वर्षं महायुद्धाने खाल्ली. पहिली कसोटी मिळाली ती २८ व्या वर्षी, १९४७ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यात, ब्रिस्बेनला. पुढल्याच वर्षी दिल्लीत वेस्ट इंडीजविरुद्ध नाबाद ११४. १९५२ मध्ये दिल्लीतच पाकिस्तानविरुद्ध नऊ गडी बाद झाल्यावर त्यांनी गुलाम अहमदांना सोबत घेऊन १०९ धावांची भागीदारी केली, स्वतः ८१ वर नाबाद राहिले. भारताच्या शेवटच्या जोडीचा तो विक्रम अर्धशतकाहून जास्त टिकला. २००४ मध्ये ढाक्याला तेंडुलकर आणि झहीर खान यांनी तो मोडला. “अकराव्या नंबरचा माणूस लढवायचा असतो,” असं साहेब यावर सांगतात. “सिव्हिलियन त्याला नुसता लपवतो.” त्या मेजरला आणि हवालदाराला हे पालमवर कळलं असतं तर, असं माझ्या मनात येतं, पण मी चहा पितो.

साहेबांचा आवाज खरा चढतो तो १९५८-५९ च्या मालिकेवर. वेस्ट इंडीजचा संघ आला होता. हॉल आणि गिलख्रिस्ट असे दोन तोफखाने. आपल्याकडे कर्णधार टिकेना. पहिल्या कसोटीला मुंबईत पॉली उम्रीगर. दुसऱ्या-तिसऱ्याला गुलाम अहमद. कोलकात्याच्या दारुण पराभवानंतर त्यांनी निवृत्तीच जाहीर केली. चौथ्याला मद्रासमध्ये पुन्हा उम्रीगर, पण सामन्याच्या आदल्या रात्री संघनिवडीवरून बोर्डाशी वाजलं आणि त्यांनी राजीनामा दिला. मग विनू मंकड. पाचव्याला दिल्लीत कोण? एकोणचाळीस वर्षांचे लेफ्टनंट कर्नल अधिकारी. पाच कसोटी, चार कर्णधार.

“सिव्हिलियनांचा गोंधळ निस्तरायला शेवटी लष्करच बोलवावं लागतं!” इथे साहेब खुर्चीच्या दांडीवर थाप मारतात आणि कपातला चहा बशीत सांडतो.

आणि लष्कराने निस्तरलाही. पाहुण्यांनी ८ बाद ६४४ वर डाव सोडला, तरी अधिकारींनी ६३ आणि ४० धावा केल्या, लेगस्पिन टाकून तीन बळी घेतले. आपल्या पुण्याचे चंदू बोर्डे यांनी पहिल्या डावात १०९ काढले, दुसऱ्यात ९६ वर गिलख्रिस्टला हूक मारताना स्वतःच्याच यष्टीला बॅट लागली. सामना वाचला. आता अशा माणसाला पुढच्या इंग्लंड दौऱ्यावर कर्णधार करून पाठवायला हवं की नको? पाठवलं नाही. दत्ताजीराव गायकवाड कर्णधार झाले, भारत ५-० हरला, आणि अधिकारी पुन्हा कसोटी खेळलेच नाहीत. पूर ओसरला की लष्कराला परत बराकीत पाठवतात, हा देशाचा जुना रिवाज आहे.

त्या पिढीतल्या सगळ्यांच्या वाट्याला एवढंही आलं नाही. पुण्याचे चंदू गडकरी महाराष्ट्राकडून आणि मग सर्व्हिसेसकडून खेळले, १९५३ च्या वेस्ट इंडीज दौऱ्यात होते, क्षेत्ररक्षणात चित्ता, कसोटी सहा. सर्व्हिसेसचे जलदगती गोलंदाज स्वामी यांना १९५५ मध्ये हैदराबादला न्यूझीलंडविरुद्ध एकच कसोटी मिळाली. त्यात फलंदाजी आली नाही आणि बळी मिळाला नाही. साहेब स्वामींबद्दल फार आदराने बोलतात. त्यांच्या मते हुकूम आला, हजर झाले, परत गेले. शिपायाने याहून जास्त काय करायचं?

१९७१ मध्ये अधिकारी अजित वाडेकरांच्या संघाचे मॅनेजर म्हणून इंग्लंडला गेले. शिस्त, व्यायाम आणि झेल, झेल, झेल. त्या दौऱ्यात फलंदाजाच्या खिशात हात घालता येईल इतक्या जवळ एकनाथ सोलकर उभा राहत होता. ओव्हलवर चंद्रशेखरने ३८ धावांत सहा बळी घेतले आणि २४ ऑगस्टला आपण इंग्लंडमध्ये पहिल्यांदा मालिका जिंकली. साहेब याचं श्रेय पीटीला देतात. चंद्राला थोडं. १९७४ मध्येही मॅनेजर अधिकारीच होते आणि लॉर्ड्सवर आपण ४२ धावांत गारद झालो. तो विषय काढला की साहेबांना कमी ऐकू येतं.

एकाहत्तरचा हा प्रयोग ते गेली काही वर्षं आमच्या पार्किंगमध्ये करत आहेत. सुट्टीच्या दिवशी सकाळी साडेसहाला पोरं फॉल इन. बॅट कोणाच्याही हातात नाही. आधी पार्किंगला दोन फेऱ्या, मग जोर, मग क्लोज कॅचिंग. टेनिसचा चेंडू ओला करून घेतात, कारण तो हाताला लागतो आणि हात शहाणा होतो. फळ्यावर खडूने क्षेत्ररचना काढलेली. वॅगन-आर म्हणजे मिडविकेट, जिन्याचा खांब म्हणजे गली.

“आजोबा, बॅटिंग कधी?” दुसरीतल्या एकाने विचारलं.

“आजोबा नाही. सर.”

“सर आजोबा, बॅटिंग कधी?”

“रसद आल्यावर,” साहेब म्हणाले. रसद म्हणजे काकूंचे पोहे. पोहे येईपर्यंत साडेआठ झालेले असतात आणि तोवर एकेका आईच्या हाका सुरू होतात, त्यामुळे या पलटणीतल्या कित्येक पोरांनी अजून बॅट धरलेली नाही. पण थ्रो! अकरा-बारा वर्षांची पोरगी कुंपणाजवळून एका स्टंपावर नेम धरते आणि पाडते. आयपीएल बघून आलेली शेजारच्या सोसायटीतली मुलं आमच्याकडे खेळायला येत नाहीत. त्यांना षटकार मारता येतात. आमच्याकडे ते पकडले जातात.

यंदाच्या वार्षिक सामन्याचा हुकूमनामा साहेबांनी आठ दिवस आधी फलकावर लावला: ‘सर्व खेळाडूंनी ०७३० वाजता दक्षिण पार्किंगमध्ये हजर राहावे. चहा ०९१५.’ पालक विरुद्ध मुलं. पालकांच्या संघाला एक माणूस कमी पडला म्हणून आमच्या वॉचमनला घेतलं. हा साताऱ्याजवळच्या अपशिंग्याचा. ते गावच मिलिटरीचं, घरटी एक तरी माणूस फौजेत. हाही हवालदार होऊन निवृत्त झालेला. साहेब सलामीला गेले, त्याला समोर घेतला. कोणीतरी काकूंना बाल्कनीत खुर्ची टाकून दिली.

साहेब चांगले खेळत होते, हे मान्य केलं पाहिजे. गुडघा वाकत नव्हता, पण बॅट सरळ येत होती. मग एक चेंडू त्यांनी कव्हरकडे, म्हणजे मीटरच्या खोलीकडे, ढकलला आणि निघाले.

“नको साहेब!” हवालदार ओरडला. त्यात अडखळणं नव्हतं. तरी साहेब पोचलेच. दोघे एका टोकाला, आणि दुसरा स्टंप त्याच पोरीने लांबून पाडला. हवालदाराने क्षणभर साहेबांकडे पाहिलं, बॅट काखेत मारली आणि सलाम ठोकून चालू लागला.

“काका, तुम्ही नाही,” खजिनदारांचा मुलगा पंच होता, त्याने नियमाचं पुस्तक वाचलेलं. “सर आजोबा आउट.”

साहेबांनी तिसऱ्या पंचाची मागणी केली. पार्किंगमध्ये सीसीटीव्ही होताच. तो त्यांनीच सर्वसाधारण सभेत भांडून बसवून घेतला होता. सगळा सामना थांबवून आम्ही वॉचमनच्या केबिनमध्ये गर्दी केली. पडद्यावर पाण्याच्या टँकरचं फाटक दिसलं, सुस्पष्ट, तारीख-वेळेसह. टँकरवाले लिटर चोरतात या संशयावरून कॅमेऱ्याचं तोंड तिकडे वळवण्याचा लेखी आदेश साहेबांचाच होता, आणि वॉचमनने तो तंतोतंत पाळला होता.

सोमवारी फलकावर अहवाल लागला, टंकलिखित, परिच्छेदांना क्रमांक घातलेले. परिच्छेद चारमध्ये लिहिलं होतं: ‘कर्नल – धावचीत, ११ (चौकशी प्रलंबित)’. संध्याकाळपर्यंत कोणीतरी पेन्सिलीने ११ वर काट मारून ९ केले होते. साहेबांनी खजिनदारांना बोलावून हा उद्योग कोणाचा आहे ते शोधायला सांगितलं. खजिनदारांनी ते अक्षर ओळखलं. पोह्यांच्या डब्यावर चिकटवलेल्या चिठ्ठ्यांवर तेच असतं. सीसीटीव्ही तपासतो म्हणाले.